पडद्याखाली पाय नव्हते

ज्यांना यात गंमत वाटणार असेल त्यांनी इथेच थांबावं. मी काही रिकामटेकडी नाही. दिवसभर शिलाई मशीनवर बसते, आणि जे सांगतेय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

रात्रही नव्हती हो. रविवारची भर दुपार होती, चर्च सुटल्यानंतरची.

मी रेडिमेड कपड्यांच्या दुकानात कपडे मापात बसवून द्यायचं, ऑल्टरचं काम करायचे. दुकानाच्या मागच्या भागात माझं मशीन, आणि समोर ओळीने तीन ट्रायल रूम. त्यांना दारं नाहीत, पडदे आहेत. पडदा जमिनीच्या वीतभर वर संपतो, म्हणजे आत कोणी आहे की नाही ते पायांवरून कळतं.

माझी धाकटी बहीण तिथेच काउंटरला होती. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. तोंडाला क्षणभर विश्रांती नाही. गिऱ्हाईक बिल न करता पळेल इतकी बडबड!

ती बडबड बंद झाली, तिथून हे सुरू झालं.

शेवटच्या ट्रायल रूमचा पडदा सारखा ओढलेला दिसायचा. बाहेर गिऱ्हाईक ताटकळायचं, मग वैतागून मला विचारायचं, "अहो, आत किती वेळ लावतायत?"

मी मशीनवरूनच वाकून बघायचे…

पडद्याखाली पाय नसायचे.

पडदा सरकवला की आत आरसा आणि खुंटी, बाकी काही नाही. कोणीतरी जाताना ओढून गेलं असेल, असं मी म्हणायचे आणि कामाला लागायचे. पण एक दिवस चिमणी माझ्या कानाशी आली.

"ताई, आतून एक बाई विचारते गं. म्हणते, बसतंय का बघ ना. मी काल बघायला गेले."

"मग?"

"आत कोणीच नव्हतं. मी आरशासमोर उभी राहिले, तर अगदी मानेजवळून आवाज आला…"

"काय?"

"हे बसतंय."

मी तिला झापलं. म्हटलं, धड जेवत नाहीस, म्हणून कान वाजतात तुझे.

पण त्यानंतर ती खरंच जेवेनाशी झाली. गाल बसले. बोलणं तुटलं. हाक मारली की जरा उशिरानेच मान वळवायची, जणू हाक दुसऱ्याच कोणाला आहे.

आणि मीच शिवलेला शर्ट तिला खांद्यात तंग व्हायला लागला.

तुम्हीच सांगा, माणूस वाळलं की कपडे ढगळ होतात ना? हिच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या. मी टेप लावली. या वयात खांदा रुंद होतो कधी? पुन्हा टेप लावली, तरी रुंदच.

घरी ती आरशासमोर तासन् तास उभी असायची. या अंगाला वळायची, त्या अंगाला वळायची. बाही ओढून बघायची. गिऱ्हाईक बघतं ना, अगदी तसंच.

मी मावशीकडे धावले.

मावशीला चर्चमध्ये पाठीमागे सगळे फौजदार म्हणतात. तिच्यासाठी विश्वास म्हणजे लढाई. रोज सकाळी उठल्याउठल्या ती बायबलात सांगितलेली देवाची शस्त्रसामग्री अंगावर चढवायची, अगदी हातवारे करून. कंबरेला सत्याचा पट्टा, छातीवर चिलखत, हातात ढाल, डोक्यावर शिरस्त्राण. लहानपणी आम्ही खिदळायचो. "मावशी, हेल्मेटचा पट्टा लाव गं!"

"हसा, हसा," ती म्हणायची. "सैतान सुट्टी घेत नाही."

त्या दिवशी मात्र मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि पदराने तोंड पुसलं.

"पडद्याआडची ती बाई कपडे घालून बघत नाहीये गं," ती म्हणाली. "माणसं घालून बघतेय. रविवारी दुकान बंद असतं ना? किल्ली आण."

रविवारी दुकानाबाहेर फुटपाथवरच तिने आम्हा दोघींना लहान पोरींसारखं उभं केलं आणि एकेक शस्त्र अंगावर चढवलं. मग बोट रोखून म्हणाली, "आज डोळे मिटायचे नाहीत. आमेन म्हटल्यावरसुद्धा नाही. शत्रूसमोर कोणी डोळे मिटतं का?"

ऐकायला सोपं वाटतं. पण आम्हाला बसता यायला लागलं तेव्हापासून प्रार्थना म्हटली की डोळे मिटायची सवय. पापण्या आपोआप खाली येतात.

आत गेलो. पंखे बंद, काउंटरवर चादर. शेवटचा पडदा ओढलेला…

मावशीने चिमणीला त्याच्यासमोर उभं केलं. मी तिचा हात घट्ट धरला. बर्फ होता नुसता.

"येशूच्या नावाने सांगते, सोड हिला!"

सगळं शांत.

मग रॅकवरचे हँगर हलायला लागले… आधी एक, मग सगळेच. कट कट कट कट. आणि एकदम थांबले.

चिमणीचं तोंड उघडलं. आवाज तिचा नव्हता.

"माझ्या मापाची आहे."

पडदा आतून फुगला. खांद्याचा आकार दिसला मला, स्पष्ट. आणि खाली… पाय नव्हते.

मी घाबरून अर्धमेली झाले होते. मावशी तसूभर हलली नाही. घामाने निथळत होती, पण आवाज खणखणीत होता. "ही प्रभूची आहे! हिने प्रभूला पांघरलंय. तुला इथे जागा नाही. नीघ!"

माझ्या पापण्या जड होऊन खाली येत होत्या. मी ओठ चावला, रक्त आलं, पण डोळे उघडे ठेवले.

चिमणी मटकन खाली बसली.

"ताई… भूक लागलीय गं."

तिचाच आवाज! मी हंबरडा फोडला. मावशीने दोन्ही हात वर केले. "प्रभू, तुझे उपकार!" म्हणाली. आणि अगदी मनापासून, जन्माच्या सवयीने…

डोळे मिटले.

क्षणभरच. मला ओरडायचं होतं, मावशी, डोळे! पण आवाज फुटला नाही. पडद्याचा फुगवटा आमच्याकडे आला आणि पडदा सरळ खाली लोंबला.

"आमेन," मावशी म्हणाली आणि डोळे उघडले.

चिमणी आता ठणठणीत आहे. आम्ही दोघींनी ते दुकान सोडलं, मी घरीच शिवते. तिची बडबड ऐकून डोकं उठतं आणि मी देवाचे आभार मानते.

मावशीही बरी आहे. चर्चला येते, गाणी म्हणते. फक्त सकाळी शस्त्रसामग्री चढवत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता कशाला गं?" मला वाटलं, वय झालं.

मग तिने एक ब्लाउज आणून दिला. "खांद्यात काचतोय, जरा सैल कर."

तिचे ब्लाउज कित्येक वर्षं मीच शिवतेय. माप तोंडपाठ आहे मला. टेप लावायची हिंमत झाली नाही.

काल संध्याकाळी ती ब्लाउज घ्यायला आली. घालून आरशासमोर उभी राहिली. या अंगाला वळली. त्या अंगाला वळली. बाही खाली ओढली. आरशातूनच माझ्याकडे बघून हसली…

"बसतंय का बघ ना."

स्वयंपाकघरात चिमणीची बडबड चालली होती. ती एकदम थांबली.

मी अजून थोडा सैल करते म्हणाले आणि ब्लाउज ठेवून घेतला.

मावशी उद्या परत येणार आहे. चिमणी आणि मी तिच्यासमोर उभ्या राहणार आहोत, तिनेच शिकवलेली शस्त्रं चढवून, डोळे उघडे ठेवून. तिने माझी बहीण सोडवली, मी तिला त्या बाईच्या हाती सोडणार नाही.

पण खरं सांगते, मला फार भीती वाटतेय. त्या दिवशी मावशीला साधी हाक मारायलाही माझा आवाज फुटला नव्हता.