चार वाट्या, दोन सुपाऱ्या

पवनारच्या थांब्यावरून एस.टी. हिसका देऊन निघाली आणि चंद्रभानच्या मांडीवरची कागदाची गुंडाळी सुटली. आकड्यांनी भरलेला तो लांबलचक कागद उलगडत, धावत गेला आणि एका जांभळ्या काठाच्या पातळापाशी थबकला. पातळवालीनं तो परत दिला नाही, वाचतच बसली.

"एवढं काय मोजून राह्यले?"

नालवाडी येईस्तोवर त्यानं सांगितलं. तो नोकरीला होता तिथं, अमदाबादेत, लोखंडी कड्यासारखं एक यंत्र व्हायचं होतं. त्याच्या पोटात लाखो अंश तापलेला वायू, जणू मूठभर सूर्यच. आत काही घालावं तर त्याची वाफ होणार. म्हणून बाजूच्या फटींतून बाहेर येणारे क्ष-किरण मोजायचे. एका फटीतून एकच रेघ दिसते, आणि त्या रेघेवरचा सगळा उजेड मिळून एकच आकडा. अशा आकड्यांवरून आतलं चित्र काढायचं.

"म्हणजे न शिवता आतलं ओळखाचं," ती म्हणाली. "माणसाचं जमते का?"

"अजून... करून नाई पाह्यलं."

ती कोकिळा, पवनारच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. मग त्याच्या सुटीचे दहा दिवस चंद्रभानला रोज पवनारलाच काम निघालं, तेही शाळा सुटायच्या वेळेला. संत्र्याच्या फोडी अर्ध्या-अर्ध्या झाल्या, त्याच्या गणितातल्या दोन चुका तिनं काढल्या. नवव्या दिवशी सालीशी खेळत त्यानं विचारलंच, अमदाबादेला याल का... माझ्यासोबत?

ती उतरून गेली. खिडकीखालून एवढंच म्हणाली, "उद्या घरी येजा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची अमदाबादची गाडी होती. तिच्या घरी चटईवर तो बसला, समोर ती. एका बाजूला खुर्चीत तिचे वडील पुंडलिकराव, पानाचा डबा उघडून. दुसऱ्या बाजूला उघडं दार. मधल्या परातीत चार पालथ्या वाट्या: तिच्याकडे एक, त्याच्याकडे एक, खुर्चीकडे एक, दाराकडे एक.

दोन वाट्यांखाली एकेक सुपारी आहे, तिनं सांगितलं. तिच्या नि त्याच्या वाटीखाली असली तर ती येईल. खुर्चीच्या नि दाराच्या वाटीखाली असली, तर दार उघडंच आहे. वाटी उचलायची नाही. दोन-दोन वाट्यांची बेरीज तेवढी विचारायची, तीनदा.

चंद्रभानच्या छातीत एस.टी.चं इंजिन सुरू झालं. नेमकं विचारायचा धीर होईना.

"तुमची नि बाबांची मिळून?"

"एक."

"तुमची नि... दाराची?"

"एक."

दोन्ही उत्तरं बसत होती. होकारालाही, नकारालाही. कोकिळाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दबलं. "बाजूबाजूनंच पाह्यता. गाडी चुकन तुमची."

त्यानं परातीवरून सरळ समोर पाहिलं.

"तुमची नि माझी?"

ती परातीकडे पाहत राहिली. मग पापण्यांआडून, हलकेच, तिरकं त्याच्याकडे.

"दोन."

वाट्यांना कुणाचाच हात लागला नाही. दोघं नुसते बसून राहिले, त्या मूठभर सूर्याच्या उबेला बसल्यासारखे...

"झालं असन तं वाट्या उचला लेकहो," पुंडलिकराव म्हणाले. "पानाले चुना लावून बसलो मी केव्हाचा. घरातल्या दोनच सुपाऱ्या, त्याही हिनं नेल्या."