कुंगच्या वाटचं ऑम्लेट

त्या दुपारी मी गाडी लवकर बंद केली, कारण कुंगला डबा न्यायचा होता. आंग सिलाच्या धक्क्यावर आमच्या कालवांच्या ऑम्लेटला रांग लागते, लोक चिडले. चिडू देत. माझी पोर डेंग्यूने दवाखान्यात बेशुद्ध पडली होती आणि डॉक्टर माझी नजर चुकवायला लागले होते.

तव्याशेजारीच वाढलेली ती, वासाने तरी उठेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गरम होतं तसंच बांधलं. घाईत उलथनंही पिशवीत आलं.

वॉर्डात पंखे फिरत होते, पण वारा लागत नव्हता. बाहेर आभाळ इतकं दाटलं होतं की भरदुपारी दिवे लावले होते. मी डबा उघडून तिच्या नाकाशी धरला.

"कुंग, ऊठ गं. कुरकुरीत कड तुझ्यासाठी ठेवलीय."

पापणीसुद्धा हलली नाही. माझा धीर सुटला. उलथनं घेऊन मी खाटेच्या कडेवर ठोकलं. टक्... टक्...

"ये, जेवून घे... ये ना गं!"

शेजारच्या खाटेवर नातवाला वारा घालत बसलेल्या सईमावशीने झटकन माझा हात धरला.

"अगं शहाणे, काय करतेस हे? असं ठोकून मेलेल्याला बोलावतात!"

खरंच की. गेल्या वर्षी माझा नवरा बुनसोंग गेला, तेव्हा विहारात त्याच्या शवपेटीवर ठोकून मी रोज त्याला जेवायला हाक मारायची. रीतच आहे आमची. हाताला वळण पडलं होतं.

"पण ही जिवंत आहे, मावशी."

"म्हणूनच हिला ऐकू जायचं नाही..." मावशी कुजबुजली. "ज्याला जाईल... तो येईल."

फिनेलच्या वासात उदबत्तीचा वास मिसळला. कुंगने डोळे उघडले.

"नुआन... मिरची कमी घातलीस."

आमच्यात कुठलं पोर आईला नावाने हाक मारतं? आणि कुंगला मिरची सोसत नाही. जन्मभर ही कुरकुर करायचा तो बुनसोंग. तरी मी भरवलं. रडत रडत, वेड्यासारखी भरवत राहिले.

डॉक्टर म्हणाले, नशीब काढलंत. आता ती माझ्याशेजारी तव्यापाशी उभी असते. गिऱ्हाइकं म्हणतात, "पोरीला हुबेहूब बापाचा हात आलाय!" मी हसते, काय करणार?

नवऱ्यावर माझा जीव होता, खोटं कशाला बोलू? पण मला माझी पोर हवी होती. एकदा धीर करून विचारलं, "आमची कुंग कुठाय?"

तिच्याच डोळ्यांनी त्याने माझ्याकडे पाहिलं. "गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसलीय, नुआन. भूक लागलीय तिला."

"मग येत का नाही?"

"तिच्यासाठी तू ठोकलं नाहीस."

उलथनं दिवसभर हातातच असतं. पण ठोकायचं म्हणजे माझी पोर मेली, हे आधी मीच मान्य करायचं. ते माझ्याने होत नाही. मी त्या बाकड्याकडे बघून नुसत्या हाका मारते.

परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "नुआनताई, कुंग तर शेजारीच उभी आहे. हाका कुणाला मारताय?"