त्रेचाळिसावी पावती

“दंड भरा आणि मोकळ्या व्हा, असं मला सात जणांनी सांगितलंय. तुम्ही आठव्या असाल तर मी ही निघाले.”

काचवाली अजून खुर्चीत बसलीही नव्हती. तिच्या तळहातांवर जुन्या कापल्याचे पांढरे व्रण होते आणि मुठीत दंडाची पावती.

“बसा,” चिमटाबाई म्हणाल्या. “मी आठवी नाही.”

चिमटा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीस वर्षं विम्याचे खोटे दावे तपासताना धरलेलं सोडायचं नाही ही सवय जडली, तिच्यावरून लोकांनी ठेवलेलं नाव. आता त्या खासगी तपास करत. सोबतीला त्यांचे दीर असत, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. भाऊजींना दिसायचं सगळं, उमगायचं मात्र सगळ्यांच्या नंतर.

“सिग्नल लाल होता?” बाईंनी विचारलं.

“लालच होता. पण हवालदार चौकात उभा राहून गाड्या सोडत होता. त्यानं हात केला, मी निघाले. पोलिसाचा हात असला की दिवा बघायचा नसतो, हे तर लायसन्स काढतानाच शिकवतात. आणि आता तोच म्हणतो, मी रस्त्यात नव्हतोच.”

“भरून टाकला तर काय होईल?”

“याआधी दोनदा भरलाय. दोन्ही वेळा चूक माझी होती, मुकाट भरला. ही तिसरी. भरली की गुन्हा कबूल, लायसन्स सहा महिने बंद. टेम्पो मीच चालवते. काचा काय डोक्यावरून नेऊ? दुकानाला कुलूप लागेल.” तिचा आवाज चढला. “आणि जे केलंच नाही, ते केलं म्हणून सही का करू?”

“त्या मंगळवारचं सगळं सांगा.”

“दिवसच मेला वाईट. सकाळी खिडक्यांच्या काचा पोचवल्या. शेवटचा एकच माल उरला होता, सलूनला टाकायचा. तर वाटेत त्याच्यावरची चादरही कुठेतरी उडून गेली. चांगली जाड चादर होती हो.”

भाऊजी पावती उलटून वाचत होते. “पंधरा दिवसांत भरला तर निम्माच दंड आहे, वहिनी.”

“त्याच्या खालचंही वाचा.”

भाऊजींनी पावती नाकाला टेकवली. “दंड मान्य नसल्यास न्यायालयात दाद मागता येईल.”

“ते एवढं बारीक का छापलंय, कळलं?”

भाऊजींना कळलं नाही.

कॅमेरा कक्षातल्या तंत्रज्ञाने आधी टाळाटाळ केली. चिमटाबाईंनी काचवालीच्या सहीचा अर्ज टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. त्या उठणार नाहीत हे पाहून त्याने मूळ फोटो मोठ्या पडद्यावर लावला.

मागून घेतलेला फोटो. समोर लाल दिवा, टेम्पो पांढऱ्या पट्टीच्या पुढे. टेम्पोच्या डाव्या बाजूला लाकडी घोडीवर तिरकी उभी केलेली काच.

“हा बघा तुमचा हवालदार,” तंत्रज्ञ म्हणाला. “काचेतून पलीकडे दिसतोय. उजव्या बाजूला, पोलीस बूथपाशी. भर रस्त्यात कुठंय? झालं ना समाधान?”

“भाऊजी, तुम्हाला काय दिसतं?”

“हात वर केलाय. उजव्या खांद्यावरून शिट्टीची पांढरी दोरी. काचेच्या चारही कोपऱ्यांत काळे ठिपके. बाकी उजेड छान धरलाय हो फोटोत.”

“ठिपके म्हणजे घाण असेल,” तंत्रज्ञ म्हणाला.

“त्या दिवशी या कॅमेऱ्याने किती पावत्या फाडल्या?”

त्याने यादी काढली. “त्रेचाळीस. सगळ्या बारा ते एकमध्ये.”

“आणि एरवी?”

“दिवसभरात चार-पाच.”

“सिग्नल अडकला होता का?”

“तशी नोंद नाही. अडकला तर चौकातला हवालदार फोन करतो, आम्ही कॅमेरा बंद करतो. फोन आलेला नाही.”

“बाकीच्या बेचाळीस जणांनी काय केलं?”

“भरला. कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवतो?”

हवालदार चौकातच भेटला. उन्हाने रापलेला, थकलेला, बोलायला नम्र.

“फोटोतच दिसतंय ना, बाई? मी बूथपाशी होतो. कुणा ओळखीच्याला हात केला असेल.” त्याने डाव्या खांद्यावरची दोरी सारखी केली.

“दोरी अगदी शुभ्र ठेवलीय तुम्ही.”

“रोज धुतो. डावाच खांदा, नियम आहे. एकवीस वर्षांत एकदाही चुकलो नाही.” त्याचा चेहरा थोडा उजळला. “पुढच्या महिन्यात बढती आहे.”

“माणूस सज्जन वाटतो,” वळताना भाऊजी म्हणाले.

“आहेच. म्हणून वाईट वाटतंय.”

शेवटी सलून. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालावर साबण फासत होता.

“काचवालीचा माल वेळेवर आला?”

“वेळेवर आला, पण उघडाच. वर कापड नाही, काही नाही. सगळी धूळ मला पुसावी लागली.” त्याने समोरच्या नव्या आरशाच्या कोपऱ्यातला पितळी स्क्रू अंगठ्याने दाबून पाहिला. “बाकी काम चोख. चारही भोकं तिनंच पाडून दिली.”

चिमटाबाई हसल्या. तपासात त्या पहिल्यांदाच हसत होत्या. “झालं आपलं काम, भाऊजी.”

“काय झालं?”

“केस कापून घ्या. सोमवारी कोर्टात जायचंय.”

कोर्टाची खोली लहान होती आणि कामाचा झपाटा मोठा. लेखनिक नाव पुकारी, “मान्य?” विचारी. माणूस “मान्य” म्हणे आणि पेन पुढे सरके.

“मान्य?”

“अमान्य,” काचवाली म्हणाली.

पेन थांबलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

हवालदाराने साक्ष दिली: मी बूथपाशी होतो, फोटो समोर आहे. चिमटाबाई काचवालीच्या साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या.

“साहेब, फोटोतल्या काचेच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके आहेत. खिडकीच्या काचेला कुणी भोकं पाडत नाही. पाडतात ती भिंतीवर ठोकायच्या आरशाला. यांच्या टेम्पोत त्या वेळी एकच माल होता, सलूनचा आरसा. त्याच्यावरची चादर वाटेत उडाली. तो उघडा पोचला, हे न्हावी इथे बसलेत, ते सांगतील.”

न्हाव्याने मान डोलावली.

“म्हणजे काचेतून पलीकडे दिसणारा हवालदार पलीकडे नव्हताच. ते प्रतिबिंब आहे. आरशाचं तोंड डावीकडे होतं. त्यात दिसणारा माणूस टेम्पोच्या डाव्या अंगाला, पुढे, चौकातच असणार. बूथ आहे उजवीकडे.”

“हा तुमचा तर्क झाला,” न्यायाधीश म्हणाले.

“हवालदारसाहेब, दोरी कुठल्या खांद्यावर घालता?”

“डाव्या. नेहमीच.”

“फोटोत उजव्या खांद्यावर आहे.”

न्हाव्याने पिशवीतून हातआरसा काढून हवालदारापुढे धरला. न्यायाधीश उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले. आरशातल्या हवालदाराची दोरी उजव्या खांद्यावर होती. भाऊजींच्या तोंडून मोठ्ठा ‘हां’ निघाला.

“सिग्नल तासभर लालवर अडकला होता,” चिमटाबाई म्हणाल्या. “दिवसाला पाच पावत्या देणारा कॅमेरा तासात त्रेचाळीस देतो, तो उगीच नाही. तुम्ही भर उन्हात उभं राहून सगळ्यांना वाट काढून दिलीत, हवालदारसाहेब. फक्त कॅमेरा बंद करायचा फोन राहिला. बढती जवळ आलेली, म्हणून तो विसर झाकायला निघालात. पण त्यासाठी तुमचा हात मानणारी त्रेचाळीस माणसं गुन्हेगार ठरली.”

हवालदाराने दोरी मुठीत धरली. “पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं,” तो हळूच म्हणाला. “पण तेव्हा कुणी विचारायलाच आलं नाही. सगळे भरत गेले. मला वाटलं, मिटलं.”

पावती रद्द झाली. काचवालीने डोळे पुसले आणि तिथेच विचारलं, “आणि बाकीचे बेचाळीस?”

“त्यांनी मान्य केलंय,” न्यायाधीश म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “अर्ज घेऊन आले, तर ऐकून घेऊ.”

दुसऱ्या दिवशी तिच्या टेम्पोवर मोठा आरसा मागे तोंड करून उघडाच उभा होता. पावतीमागची ती बारीक ओळ तिने त्याच्यावर वीतभर अक्षरांत लाल रंगाने रंगवली होती, आणि खाली त्या मंगळवारची तारीख, बारा ते एक. चौकातून ती दिवसाकाठी सहा फेऱ्या मारी. मागच्या गाडीवाल्याला ती ओळ आपल्याच चेहऱ्यावर वाचावी लागे.

पुढच्या सोमवारी लेखनिकाने पहिलं नाव पुकारलं.

“मान्य?”

“अमान्य,” कुणी अनोळखी रिक्षावाला म्हणाला.

लेखनिकाने मान वर केली. रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेली होती.