दुसरा खटका

लीलाच्या लग्नात फोटोवाल्याची चोरी पकडली ती जमुनाने.

साल एकोणीसशे साठ, अमरावतीतलं लग्न. लीला, जमुनाची चुलतबहीण, नवऱ्याशेजारी खुर्चीत ताठ बसली होती आणि मागे सगळे काका-मामा श्वास रोखून उभे होते. फोटोवाला पोटाशी कॅमेरा धरून, खाली मान घालून त्याच्या काचेत बघत होता.

"हलू नका... हं!"

खटका वाजला. सगळ्यांनी हुश्श केलं. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. लीलाने नवऱ्याकडे हळूच बघितलं, त्याला हसू फुटलं — आणि तेवढ्यात आणखी एक खटका वाजला. तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

जमुना बी.एस्सी.ला होती. त्या कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात, वरच्यातून बघायचं आणि खालच्यातून फोटो निघतो, एवढं तिला ठाऊक होतं. ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "पहिल्या वेळी खालच्या भिंगावर झाकण होतं तुमच्या."

त्याने दचकून इकडेतिकडे बघितलं. "हळू बोला ना, बाई! धंदा बुडवता का माहा?"

"म्हणजे मुद्दाम ठेवलं?"

"मुद्दाम. फोटोसाठी माणूस भाड्याचा चेहरा आणते. खटका वाजला का तो उतरवून ठेवते. मग जो राह्यते ना... तो मले पाहिजे."

"लबाड आहात."

"पहिल्या खटक्यापुरता," तो म्हणाला. "दुसऱ्याले लबाडी नाही."

त्याचं नाव सुखदेव. राजकमल चौकाजवळच्या गल्लीत त्याचा छोटा स्टुडिओ होता. परीक्षेच्या अर्जाला फोटो लागतो म्हणून जमुना तिथे गेली. मग फोटो आणायला गेली. मग फोटोत कान नीट आले नाहीत, हे सांगायला.

"कान नीटच हायेत," सुखदेव म्हणाला. "तुमाले भांडाचं हाये, असं सांगा."

बाहेर श्रावणातली सर पत्र्यावर वाजत होती. थांबणं भागच होतं. त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला. काचेत तो दिसला, पण डावीकडचा उजवीकडे.

"उलटं दिसतं की सगळं!"

"म्हणून तर लीलाबाईच्या लग्नात तुमी इकडं सरकल्या का मी तिकडं पळत होतो."

"माझ्यामागे पळत होतात?"

तो लाजला. कानापर्यंत. जमुनाने ते काचेतून नीट बघून घेतलं.

"तुम्ही माणसाकडे बघताच कुठे?" तिने विचारलं. "खाली मान घालून काचेत बघता. समोरच्याला नुसता तुमचा भांग दिसतो."

"वर पाह्यलं तर... खटका दाबणं होत नाही माह्याच्यानं."

"करून बघितलंत कधी?"

"आत्ता पाहून राहिलो ना," सुखदेव म्हणाला. कॅमेरा तिच्या हातात होता आणि त्याची मान वर होती.

पुढच्या हिवाळ्यात, वडाळी तलावाच्या बांधावर, त्याने एकदाच आणि सरळ विचारलं.

"आमी बौद्ध, तुमी पाटलाच्या. मांडव काही कोणी घालणार नाही आपल्याले. पन नोंदणीचं लग्न होते. महिनाभर आधी नोटीस लावा लागते, बस. तुमी हो म्हणा. बाकीचं मी पाहतो."

जमुनाला हो म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. "परीक्षा होऊ द्या..." ती म्हणाली. "मी आधी बाबांशी बोलते."

परीक्षा झाली. तिचे वडील पंजाबराव गावाहून आले, तिच्या खोलीतल्या खाटेवर बसले आणि बोलायची संधी त्यांनीच दिली.

"अकोल्याचं स्थळ हाये. पोरगा वकील. पण तू शिकलेली हायेस, म्हणून इचारतो. तुह्या मनात काही दुसरं हाये का, बाई?"

प्रयोगशाळेत सरांच्या आकड्यातली दशांशाची चूक उभं राहून दाखवणारी जमुना. तिने वडिलांच्या धुळीने भरलेल्या वहाणांकडे बघितलं.

"नाही, बाबा."

सुखदेवला तिने दोन ओळींचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. आला तो सुखदेवच, तिच्या लग्नात, कॅमेरा घेऊन. पंजाबरावांनीच बोलावलं होतं. "लीलाच्या लग्नातला तोच पोरगा," ते कौतुकाने सांगत होते. "माणसं कशी जित्ती उतरवते!"

दिवसभर त्याने मान वर केली नाही. दिवसभर ती हसत राहिली.

उन्हं कलली. पाठवणीचा फोटो घ्यायचा होता. जमुना आणि रामराव वकील मोटारीपाशी उभे राहिले, भोवती दोन्हीकडची माणसं.

"हलू नका..."

भिंगावर झाकण होतं. पहिला खटका वाजला. सगळे सैल झाले. रामरावांनी उपरण्याने घाम पुसला, आईने पदर डोळ्यांना लावला. खरा फोटो आता निघणार, हे त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं. जमुनाने ठरवलं होतं — दुसऱ्या खटक्यालाही हसायचं. तो फोटो अकोल्याच्या बैठकीत लागणार होता.

सुखदेवने झाकण काढलं. ते छोटं काळं झाकण त्याच्या बोटांत दिसलं आणि तिला ते जमलं नाही. चेहरा आपोआप उतरला. तलावाचा बांध, पत्र्यावरची सर, धुळीच्या वहाणा... सगळं तोंडावर येऊ दिलं तिने आणि सरळ भिंगात बघितलं. घे. एवढं तरी घे.

सुखदेवने मान वर केली.

तो तिच्याकडे बघत राहिला, काचेशिवाय. लंबकाचे चार झोके होतील एवढा वेळ. खटका वाजलाच नाही. मग त्याने झाकण पुन्हा भिंगावर बसवलं.

पंधरा दिवसांनी अकोल्याला फोटो पोचले. "पाठवणीचा काहून नाही यात?" सासूबाई आशाबाईंनी विचारलं.

"तो आला नाही म्हणे," रामराव सोबतची चिठ्ठी वाचून म्हणाले.

"जाऊ दे. बाकी सगळ्यात हासूनच राह्यली सून आपली."

वर्षभराने, दिवाळीला, घरच्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. अकोल्यातलाच एक फोटोवाला आला. अंगणात खुर्च्या मांडल्या.

"हलू नका."

खटका वाजला. सगळे उठले, खुर्च्या सरकल्या, चहाचा गलका सुरू झाला. जमुना मात्र तशीच बसून होती, डोळे भिंगावर ठेवून. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"उठा ना, वहिनी," फोटोवाला कॅमेरा मिटत म्हणाला. "झालं. एकच काढतो आमी."