नौफा बाईंची न प्यायलेली कॉफी

ही गोष्ट ऐकीव नाही.

माझ्या सख्ख्या मामाच्या बैठकीत, भर दुपारी, चारचौघांच्या देखत घडली. त्यातले निम्मे आजही शपथेवर सांगतील. उरलेले निम्मे विषय निघाला की चपला शोधू लागतात.

गाव वादी-सिद्र. अरबी मुलखात, कराक शहराच्या खाली, जिथे डांबरी रस्ता कंटाळून संपतो. मागच्या हिवाळ्यातला गुरुवार, आणि त्याला लागून आलेला शुक्रवार.

त्या गुरुवारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. शाळेतल्या शिक्षिका नौफा बाई वारून चाळीस दिवस झाले होते. गाव त्यांचा गौरव करणार होतं.

बाईंची रीत सगळ्यांना पाठ होती. कोणी मुलगी शाळेतून काढली, की बाई त्या घरी जायच्या. मागच्या दारानं बायकांत नाही, सरळ पुरुषांच्या बैठकीत. यजमान कॉफी ओतायचा. बाई कप तोंडाला न लावता जमिनीवर ठेवायच्या.

याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. पाहुणा मागणं घेऊन आलाय. यजमान 'घ्या, दिलं' म्हणेपर्यंत तो पिणार नाही. आणि न पिताच उठला, तर घराची अब्रू गेली.

गावातल्या निम्म्या पोरी अशा न प्यायलेल्या कपांवर शिकल्या.

एकच घर राहिलं होतं... दैफल्ला मामाचं.

मामानं आपल्या मुलीला, वदहाला, ऐन शेवटच्या वर्षात शाळेतून काढलं. माआन शहरातल्या एका मालदार घरात तिचं लग्न ठरवायचं होतं. बाईंनी निरोप धाडला, 'येते.' आणि त्याच आठवड्यात वारल्या.

मामाला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

गौरवाच्या दिवशी कॉफी वाटायचं काम मामानं मागून घेतलं. भाषण करणारा एकदाच दिसतो, कॉफी वाटणारा सगळ्यांना दिसतो.

डाव्या हातात किटली, उजव्या हातात कप. रांगेनं वाकायचं, ओतायचं, पुढं सरकायचं. हात सवयीचा. पहिल्या रांगेत मधली खुर्ची बाईंसाठी रिकामी ठेवली होती. मामा तिच्यासमोरही वाकला...

आणि ओतली.

"अरे दैफल्ला, बाईंनाही?" म्हातारे हाजी सुवैलिम खिदळले. "साखर विचारलीस का?"

मांडव हसला. मामा हार जाणारा नव्हे. "गावाची मोठी पाहुणी आहे ती, हाजी. तिला कशी वगळू?" म्हणत त्यानं कप खुर्चीच्या हातावर ठेवला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या फेरीला तो तिथं आला.

खुर्चीच्या हातावर कप नव्हता...

खाली होता. खुर्चीसमोर, जमिनीवर, नीट ठेवलेला.

भरलेला.

हाजींचं हसू मावळलं. "कोणी ठेवला?"



"वाऱ्यानं पडला असेल," मामा म्हणाला.

"पडला असता तर सांडला असता, बाळा."

मामानं कॉफी वाळूत ओतली आणि कप खिशात टाकून घर गाठलं.

घरी बायको, हसना, दारातच उभी होती. "कोणाला बसवून गेलात? मघापासून बैठकीत कोणीतरी कॉफी कुटतंय."

मामानं कान दिला.

ठक... ठक-ठक... ठक.

खलबत्ता होता बैठकीतच. दार उघडलं. आवाज थांबला. आत कोणी नव्हतं. खलबत्ता कोरडा. फक्त कोपऱ्यातली गादी मधोमध दबलेली... कोणी नुकतंच बसावं तशी.

"मांजर असेल," मामा म्हणाला.

"आपल्याकडे मांजर कुठंय?" हसना म्हणाली.

शुक्रवारी नमाजानंतर माआनचे पाहुणे आले. पुढं त्यांचे वडीलधारे, अबू मिशअल. पोट आधी, मागून माणूस. मामानं कॉफी ओतली. अबू मिशअलनी रिवाजाप्रमाणे कप समोर जमिनीवर ठेवला, घसा खाकरला.

"दैफल्ला, तुझी वदहा आमच्या घरी दे."

मामानं उत्तर रात्रभर घोकलं होतं. 'घ्या कॉफी, दिली.' एवढंच म्हणायचं होतं. पडद्यामागं बायका कान लावून होत्या. त्यात वदहाही होती. तोंडावर ओढणी दाबून.

मामानं तोंड उघडलं...

आणि त्याची नजर कोपऱ्यात गेली.

दबलेल्या गादीसमोर दुसरा कप होता. जमिनीवर. त्यातून वाफ निघत होती.

"तिथं कोण बसलंय?" अबू मिशअलनी विचारलं.

गावातर्फे बैठकीला बसलेले हाजी सुवैलिम हळूच म्हणाले, "जो कप आधी ठेवला, त्याचं उत्तर आधी. दैफल्ला... हा कालपासूनचा आहे."

"म्हणजे आमच्याआधी कोणी मागणी घातली?" अबू मिशअल तडकले. "बोल की! का आम्हाला इथं भिंती बघायला बोलावलंस?"

 बाईंना होकार द्यावा तर सोयरीक गेली. गप्प बसावं तर घराची अब्रू. वाफ सरळ वर जात होती. वाकत नव्हती, विरत नव्हती...

"घ्या, बाई," मामा पुटपुटला. "दिलं."

वाफ थांबली.

हाजींनी उठून कप उचलला. आत फक्त तळाचा गाळ.

अबू मिशअल कॉफी न पिता उठले. माआनकडे आजही मामाचं नाव काढायची सोय नाही. पण त्यांच्यातला एकही माणूस त्या कोपऱ्याजवळून गेला नाही. सगळे उलट्या बाजूनं भिंतीला चिकटून बाहेर पडले.

रविवारी शाळा उघडली, तशी वदहा शाळेत गेली.

गाव म्हणतं, बाईंचा गौरव भाषणांनी झाला नाही, मामानं केला. मामा मान डोलावतो. पण मी महिन्याभरानं गेलो, तेव्हा तो बैठकीत दाराला पाठ लावून बसला होता.

"एक सांग," तो हळूच म्हणाला. "बाईंनी तोंडानं काही मागितलं होतं का?"

"शाळाच मागितली असणार, मामा."

"असणार." तो माझ्याकडे बघेना. "मी नुसतं 'दिलं' म्हणालो. काय दिलं, ते मला ठाऊक नाही."

मी हसून टाळणार होतो.

आतल्या खोलीत वदहा एकटी धडा वाचत होती. मोठ्यानं, सावकाश. मधेच ती थांबली...

बराच वेळ काही ऐकत राहिल्यासारखी.

मग म्हणाली, "हो, बाई."