चंद्रावर कुणाचा किल्ला?

एकसष्ट! शर्वीने फलकावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. तो काही वाढला नाही.

साताऱ्यातल्या मुलांच्या दिवाळीतल्या किल्ले-स्पर्धेत सर्वांत जास्त गुण मिळवणारा किल्ला यंदा चंद्रावर जाणार होता. म्हणजे इथली माती उचलून न्यायची नव्हती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावरची यंत्रं तिथल्याच धुळीतून त्याची हुबेहूब नक्कल उभी करणार होती. आपले किल्ले तुळशीच्या लग्नापर्यंत कसेबसे तग धरतात. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही, बुरुजावर येऊन झोपणारं मांजर नाही. तिथला किल्ला लाखो वर्षं उभा राहील, हे ऐकल्यापासून शर्वीचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. तिच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते, दिव्यांच्या माळा होत्या, शिवाय बटण दाबलं की धडाम करणारी तोफ होती. तरी एकसष्ट! आणि शेजारच्या मल्हारचा बुरूज परीक्षणाच्या दिवशी सकाळीच ढासळला होता, त्याला चौऱ्याहत्तर!

ती तडक रेवतीआत्याकडे गेली. आत्या मापनशास्त्रज्ञ होती (मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणारी शास्त्रज्ञ). स्पर्धेच्या गुणांचा हिशेब ती आणि तिचा यंत्रमानव पारखी यांच्याकडेच होता.

"आत्या, इनामदार बाईंचा माझ्यावर राग आहे!" शर्वी दारातूनच ओरडली.

"असेलही," आत्या शांतपणे म्हणाली. "आधी बघू तरी, आणखी कुणाकुणावर आहे तो. पारखी, दाखव रे."

पारखीने भिंतीवर सगळ्यांचे गुण उमटवले. किल्ले खूप होते, म्हणून परीक्षक दोन होते: निम्मे किल्ले इनामदार बाईंनी पाहिले होते आणि निम्मे घोलप सरांनी. शर्वी बघतच राहिली. बाईंनी एकालाही सत्तर दिले नव्हते. सरांनी एकालाही सत्तरच्या खाली उतरवलं नव्हतं.

"म्हणजे सगळे वाईट किल्ले बाईंच्याच वाट्याला आले?"

"वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली होती," आत्या म्हणाली.

शर्वी विचारात पडली. चिठ्ठ्या टाकल्या तर चांगले-वाईट किल्ले दोन्हीकडे मिसळून जाणार. सगळे वाईट एकीकडेच कसे जातील?

"मग किल्ले नाहीत, बाईच वेगळ्या आहेत! त्या फार कडक आहेत."

"शाब्बास! पण हा झाला अंदाज. खात्री कशी करशील? समज, तू एका दुकानात पेरू तोलून घेतलास आणि मल्हारने दुसऱ्या दुकानात. काट्यावर मल्हारचा पेरू जड निघाला. आता खरंच जड कुणाचा?"

"काटे सारखे असले तर त्याचा."

"आणि नसले तर?"

शर्वीने नाक खाजवलं. मग तिचे डोळे चमकले. "एकच पेरू दोन्ही काट्यांवर ठेवायचा!"

"यालाच अंशांकन म्हणतात (एका मापाशी दुसरं माप ताडून घेणं)," पारखी म्हणाला. "मी तेच केलं आहे. काही किल्ले दोन्ही परीक्षकांना दाखवले. नावं झाकली होती आणि ते किल्ले इतरांत मिसळले होते, त्यामुळे असे किल्ले कोणते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. फलकावर लागलेत ते नुसते कच्चे गुण."

त्या किल्ल्यांचे गुण समोर आले. एकाच किल्ल्याला बाईंचे अठ्ठावन्न, सरांचे अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्यात फरक अठराचा, तिसऱ्यात बावीसचा. माणसाचं मन काही लोखंडी काटा नव्हे, म्हणून फरक दर वेळी थोडा हलत होता; पण सरासरी काढली (सगळ्या फरकांची बेरीज करून सारखी वाटणी केली) तर तो बरोबर वीस निघाला.

"म्हणजे माझे एक्याऐंशी! मल्हारच्या पुढे!" शर्वीने उडीच मारली. मग थबकून तिने विचारलं, "पण पारखी, एवढी खटपट करण्यापेक्षा तूच का देत नाहीस गुण?"

"मी बुरुजाची उंची मोजू शकतो. किल्ला बघून माणूस गप्प का होतो, ते मला मोजता येत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं. मी फक्त त्यांची मापं जुळवतो."

"आणि माप दुरुस्त झालं की ते सगळ्यांचंच होतं," आत्या म्हणाली. "बाईंच्या गटातल्या प्रत्येकाला वीस मिळणार. चालेल?"

"चालेल की!" शर्वी ऐटीत म्हणाली.

नवी क्रमवारी भिंतीवर उमटली. सरांच्या गटातला सर्वांत वरचा किल्ला शहाऐंशीवर होता. त्याच्याही वर एक नाव चढलं होतं. सायमा मुजावर, बाईंचे एकोणसत्तर, दुरुस्त गुण एकोणनव्वद. शर्वी बरीच खाली होती.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. सायमाचा किल्ला तिने पाहिलाही नव्हता. त्यात तोफ नाही, एवढं ऐकलं होतं, आणि तेवढ्यावरच तिने तो मोडीत काढला होता.

ती तशीच सायमाच्या अंगणात गेली. किल्ला छोटासा होता. उतारावर एकाखाली एक अशी तीन टाकी कोरलेली होती. सायमाने वरच्या टाक्यात हळूच तांब्याभर पाणी ओतलं. ते भरलं आणि काठावरच्या बारीक खाचेतून पाणी दुसऱ्यात उतरलं. दुसरं भरलं, मग तिसरं. थेंबही बाहेर गेला नाही.

"पाणीच नसलं तर गडावर राहायचं कुणी?" सायमा म्हणाली. "बाई इथं किती वेळ बसल्या होत्या! काही बोलल्याच नाहीत. मला परत पाणी ओतायला लावलं फक्त."

शर्वीही काही बोलली नाही. चंद्रावरच्या तळावरची माणसंही बर्फ वितळवून पाण्याचा थेंब न् थेंब जपतात, हे तिला माहीत होतं. इतक्या जुन्या गडांवरच्या लोकांना आणि इतक्या दूरच्या त्या लोकांना एकच काळजी! तिला वाईट वाटत होतं, आणि हा किल्ला तिकडे जाणार याचा आनंदही होत होता, दोन्ही एकदमच.

परतताना अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर चंद्राची कोर दिसत होती. शर्वी बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. मग आत्याच्या घरात डोकावून म्हणाली, "पारखी, पुढच्या वर्षी माझा किल्ला इनामदार बाईंच्याच गटात घाल."

"ते चिठ्ठीवर आहे. आणि आता मापं जुळतात, त्यामुळे तुझ्या गुणांत काही फरक पडणार नाही."

"गुणांचं नाही रे," शर्वी म्हणाली. "बाईंनी माझ्याही किल्ल्यापुढं तसं गप्प बसावं, असं वाटतंय मला."