समुद्राकडे पाठ

पोर्तुगालमधल्या सेतूबाल बंदराच्या धक्क्यावर देओलिंडा सार्डिन माशांचं जाळं सांधत बसली होती. तेवढ्यात जाळ्यावर एक शहरी बूट येऊन पडला.

"पाय उचला," ती मान वर न करता म्हणाली. "एवढा मोठा मासा आला तर जाळं फाटेल."

"जाळ्यात सापडलेला मासा आपणहून सुटतो का कधी?"

तिने वर पाहिलं. पावसाची बारीक भुरभुर त्याच्या भुवयांवर साठली होती… आणि तो हसत होता. नाव अमांदिओ, शिल्पकार, आतल्या गव्हाच्या मुलखातला. धक्क्यावर कोळिणीचा ब्राँझचा पुतळा उभा करायचं काम नगरपालिकेने त्याला दिलं होतं, आणि तो चेहरा शोधत होता.

"माझा घेता?" देओलिंडाची तिशी उलटली होती. आईबाप नव्हते, एका खोलीत ती एकटी राहायची. "लग्नाच्या बाजारात याला कुणी विचारलं नाही."

"बाजाराला अक्कल नसेल."

मग दुपारच्या दुपार ती त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागली. मातीला तडे जाऊ नयेत म्हणून तो ओली फडकी गुंडाळून ठेवायचा. फडकी उलगडली की आतून हळूहळू तीच बाहेर यायची.

"नाक वाकडं झालंय."

"तुमचंच आहे ते."

"मग सरळ करा. कोण बघायला बसलंय?"

"वाकडंच राहू दे… मला त्याची सवय झालीय."

तिने मान खाली घातली. "हनुवटी वर," तो हलकेच म्हणाला. इतकं निरखून तिच्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी एकटीने सूप पिताना तिला वाटायचं, आपल्या गालावर अजून कुणाची तरी ओली बोटं आहेत.

पुतळा उभा राहिला. कपाळावर आडवा हात धरून क्षितिजाकडे टक लावलेली कोळीण. दुसऱ्या दिवशी बंदरातून एकही होडी निघाली नाही.

देओलिंडाच्या शेजारी जाळी सांधणारी म्हातारी ओतीलिया मावशी अमांदिओवर तुटून पडली. "अरे गव्हाच्या पोत्या, इथे होडीने दोर सोडला की आम्ही पाठ फिरवतो. जो परत यायला हवा, त्याच्याकडे जाताना बघायचं नसतं. नजरेआड होईपर्यंत ज्याला पाहिलं, तो गेलाच म्हणून समज. आणि तू रात्रंदिवस बघणारी बाई उभी केलीस, तीही पापणी न लवणारी."

अमांदिओला हसू आलं. मग त्याचं लक्ष देओलिंडाकडे गेलं. ती हसत नव्हती.

"आईने माझ्या बाबांना वळून पाहिलं होतं," ती म्हणाली. "एकदाच."

त्याने वाद घातला नाही. क्रेन आणवली आणि पुतळ्याचं तोंड गावाकडे फिरवलं. होड्या निघाल्या.

पण त्याचं इथलं काम संपलं होतं. ब्राझीलहून बोलावणं आलं.

"दोन वर्षं लागतील," तो तिच्या जाळ्यापाशी उकिडवा बसत म्हणाला. "त्यानंतर… म्हणजे, मी परत यावं असं वाटतं का तुला?"

तिने दाताने दोरा तोडला. "उद्या धक्क्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी तो मालबोटीच्या कठड्याशी उभा होता. "उत्तर राहिलं," त्याने वरून हाक दिली.

ती त्याच्याकडे बघत होती. भुवया, हसण्याआधी मुडपणारा ओठ… सगळं तिने डोळ्यांत भरून घेतलं. खुंटावरून दोर सुटला, आणि देओलिंडाने पाठ फिरवली.

मग पाण्यावरून त्याचा आवाज आला. "कळलं, देओलिंडा… कळलं."

हे म्हणताना त्याचा चेहरा कसा झाला असेल? तिची मान आखडून आली, पण ती वळली नाही.

"मावशी, कुठवर गेली गं बोट?"

"मला काय विचारतेस? माझीही पाठच आहे."

धक्क्यावरच्या सगळ्याच बायका गावाकडे तोंड करून उभ्या होत्या. इंजिनाचा आवाज विरेपर्यंत देओलिंडा तशीच थांबली.

दोन वर्षांची चार झाली. पत्रं विरळ होत गेली, मग थांबली. ओतीलिया मावशीही गेली. इतक्या वर्षांनी आता जाळी यंत्रावर होतात, आणि धक्क्यावर कॉफीची टेबलं मांडली आहेत.

परवा पुतळ्याचा फोटो काढणाऱ्या एका तरुण मुलीने बाकावरच्या म्हातारीला विचारलं, "आजी, ही समुद्रावर रुसलीय का? अशी पाठ करून का उभी आहे?"

"रुसली नाही गं," देओलिंडा म्हणाली. "वाट बघतेय."